सून पुढे, सासरे सायकलवर

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांची गिरणी बंद पडून वर्ष उलटून गेलं होतं. संप झाला, लांबला, आणि तो संपला असं कुणी कधी येऊन सांगितलंच नाही. आबांचं सगळं आयुष्य साच्यासमोर, म्हणजे कापडाच्या मागासमोर, उभं राहण्यात गेलेलं. त्यांना बसायची सवयच नव्हती. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, लगेच उठायचे, दोन खोल्यांत फेऱ्या मारायचे, सासूबाईंनी निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला घ्यायचे. आई वैतागून म्हणायच्या, "अहो, जरा खाली तरी जाऊन या." ते खाली जायचे आणि नळाला पाणी आलंय का बघून परत यायचे.

मी भांडुपच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. बोर्डावर आम्ही दोघी. दुसरी घाटकोपरची, माझ्याच वयाची, माझ्याहून दुप्पट बोलणारी. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची उघडझाप, आणि मधल्या वेळात तिची बडबड. शनिवारी अर्धा दिवस भरला की आम्ही दोघी मॅटिनीला जायचो, नंतर घाटकोपर स्टेशनबाहेर शेवपुरी खायचो आणि आठवडाभराची उरलेली भांडणं तिथे उरकून घ्यायचो.

गणपती नुकतेच गेले होते. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बांधून आणलेला वर्तमानपत्राचा कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला लागली. उपनगरातला कुठलासा क्रीडा क्लब जानेवारीत लांब पल्ल्याची शर्यत भरवत होता. मुलुंडहून हायवेने निघायचं, घाटकोपरवरून मानखुर्दच्या पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत. बेचाळीस किलोमीटर.

"'महिलांनाही प्रवेश!'" ती म्हणाली. "बघ कशी मेहेरबानी! कोण जाणारे गं? मला मानखुर्दला बसने जाताना झोप लागते."

"मी जाईन," मी म्हटलं.

मी का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कॉलेजात मी आठशे मीटर धावायचे, एकदोन कपही मिळाले होते. पण लग्नानंतर मी धावले होते ते फक्त उतू जाणाऱ्या दुधाकडे. मैत्रिणीने माझ्याकडे नीट बघितलं आणि हेडफोन कानाला लावता लावता म्हणाली, "वाट लागली."

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो ड्रॉइंग बोर्डावर वाकून कारखान्याचे नकाशे काढणारा शांत माणूस. म्हणाला, "जमेल तुला?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "मग बघ की करून." आईंना सांगायचं धाडस त्या दिवशी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सलवार-कमीज आणि नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट घालून मी दाराची कडी काढली. बूट मोठे होते म्हणून पुढे कापूस कोंबला होता. बाहेरच्या खोलीत आबा जागेच होते.

"खंय चललंस गो?"

"धावायला, आबा."

मी आग्रा रोडपर्यंत गेले, तिथल्या कुत्र्यांनी मला पाहिलं, आणि मी जाताना धावले त्याच्या दुप्पट वेगाने घरी आले. आबांना दारातच माझा श्वास ऐकू आला असणार. तिसऱ्या दिवशी मी जिना उतरले तर खाली ते उभे. अंगात खाकी हाफ पँट आणि बंडी, हातात त्यांची गिरणीच्या दिवसांतली सायकल. आदल्या संध्याकाळी तिला तेलपाणी केलेलं दिसत होतं. हँडलला एक काठी बांधली होती.

"रस्त्यार कुत्रे आसत," ते म्हणाले. "तू धाव. मी मागसून येतंय."

"आबा, तुम्ही कशाला..."

"माका तरी खंय काय काम आसा?"

तेव्हापासून आमची वरात निघायला लागली. मी पुढे, आबा सायकलवर मागे. गाडी आली की घंटी वाजायची, खड्डा आला की "डावीकडे!" आणि मी रेंगाळले की नुसतं "हूं!" गिरणीत साच्यांमधून फिरणाऱ्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, असावा तसा त्यांचा आवाज. पहिल्या पाळीला निघालेले कामगार थांबून बघायचे. सुरुवातीला एकाने विचारलंही, "काका, काय झालं? बाई घरातून पळाली काय?" आबा सायकल न थांबवता म्हणाले, "पळता खंय? मीच पळवतंय तिका!"

आईंना कळायचं ते कळलंच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नळावर विचारलं, "तुमचे हे सुनेच्या मागे काठी घेऊन का धावतात हो?" आई घरी आल्या आणि मला ऐकू जाईल अशी भांडी आपटायला लागल्या. संध्याकाळी मी कणीक मळत होते, तर त्यांनी माझी ओढणी उचलून पाहिली. पायात येऊन तिचं टोक फाटलं होतं.

"पडलीस म्हणजे?" त्या म्हणाल्या. "दात पडले की लोक मलाच विचारतील ना, सासूने मारलं काय म्हणून."

त्या आठवड्यात त्यांनी शिलाई मशीनवर मला सुती पायजमा शिवून दिला. घोट्याला इलॅस्टिक, कमरेला आत एक खिसा, त्यात गुळाचा खडा आणि शेंगदाणे मावतील एवढा. वर नवऱ्याचा जुना सदरा कापून केलेला ढगळ कुडता. त्यावर ओढणीची गरजच नव्हती. त्या कपड्यांत मी जगातल्या कुठल्याच प्रकारच्या बाईसारखी दिसत नव्हते. पण धावताना मला वारा लागायचा, आणि ते सुख मी विसरूनच गेले होते.

मग आबांनी एक युक्ती काढली. धावून घरी यायचं, आंघोळ करायची, डबा भरायचा, पुन्हा कामावर निघायचं यात माझी तारांबळ उडायची. ते म्हणाले, "कामावरच धावत जा मगे." साडी आणि डबा पिशवीत घालून ती सायकलच्या कॅरियरला बांधायची. मी मुलुंडहून आधी डोंगराकडे वळसा घालून मग भांडुपला कारखान्याच्या गेटवर पोचायची. आबा पिशवी माझ्या हातात देऊन परत फिरायचे. बायकांच्या मोरीत दोन तांबे अंगावर घेऊन, साडी नेसून, वेणी ओली असतानाच मी बोर्डावर बसायची. गेटवरच्या वॉचमनला पहिले काही दिवस वाटायचं, धावत आत शिरते ती वेगळी आणि साडी नेसून बाहेर पडते ती वेगळी.

साहेबांनी मात्र एकदा बोलावून घेतलं. "सकाळी फोन केला की तुम्ही इतक्या धापा का टाकता? पार्टीला वाटतं, कारखान्यात आग लागलीय." तेव्हापासून माझा श्वास बसेपर्यंत सकाळचे पहिले फोन मैत्रीण घ्यायची. त्या बदल्यात संध्याकाळचे शेवटचे मी.

पण तिच्या वाट्याला माझं एवढंच येऊ लागलं होतं. शनिवारची मॅटिनी बंद झाली, कारण रविवारी लांब धावायचं असायचं आणि शनिवारी मला झोपेशिवाय काही सुचायचं नाही. एकदा ती मला ओढून घेऊन गेलीच. नावं पडद्यावर येईपर्यंत मी जागी होते. मध्यंतरात तिने मला उठवून समोसा दिला, तो हातात धरून मी पुन्हा झोपले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "यार, तुझ्यापेक्षा मी शेजारच्या अनोळखी बाईशी जास्त बोलले."

त्याच सुमारास तिला बघायला येणार होते. तिने मला हक्काने बोलावलं. "तू माझ्या शेजारी बस. मी घाबरले की कायपण बडबडते. मला चिमटा काढ." रविवारची संध्याकाळ होती. त्या सकाळी मी विक्रोळीच्या पुढे जाऊन परत आले होते. घाटकोपरला तिच्या घरी मला मुलाच्या आईशेजारी सोफ्यावर जागा मिळाली. वर पंखा. पुढे कांदेपोह्यांची बशी. मी दोन बशा खाल्ल्या. मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का हे प्रश्न चालू झाले, ते कुठूनतरी लांबून ऐकू येत होते.

जाग आली तेव्हा खोलीत चिडीचूप. माझं डोकं मुलाच्या आईच्या खांद्यावर होतं.

"बरं नाही का हिला?" त्या बिचाऱ्या न हलता विचारत होत्या.

इतका वेळ खाली मान घालून बसलेली माझी मैत्रीण घाबरून बोलून गेली, "नाही नाही, बरी आहे. सकाळी पळून आलीय ती."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "पळून आलीय? कुणाबरोबर?"

"सासऱ्यांबरोबर," मैत्रीण म्हणाली.

तिच्या आईने डोळे मिटून घेतले. आपण काय बोललो ते मैत्रिणीला कळलं आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. पदर तोंडात कोंबून ती हसत होती. मग मुलगा हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला. मी उठून उभी राहिले आणि हायवे, मानखुर्द, बेचाळीस किलोमीटर, आबांची सायकल असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मुलाची आई म्हणाली, "अगं मग बस ना खाली, पाय दुखत असतील." त्यानंतर कुणी कुणाला शिवणाबद्दल विचारलं नाही. मुलगा आणि मुलगी एकमेकांशी बोलायला लागले, ते निघायची वेळ झाली तरी थांबेनात.

तरीही दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या आईने तिला धारेवर धरलं होतं. बोर्डावर शेजारी बसून आम्ही फक्त "लाइन धर" आणि "एक्स्टेन्शन बिझी" एवढंच बोलत होतो. तिसऱ्या दिवशी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"पसंत आहे म्हणून निरोप आलाय," ती म्हणाली.

"तुला?"

"मलाही. तो हसतो छान, नाही?" मग तिने मला जोरात चिमटा काढला. "हा त्या दिवशीचा. मला काढायचा होतास ना? आता शर्यत पुरी नाही केलीस तर लग्नाला बोलावणार नाही."

डिसेंबरात एका संध्याकाळी मी कामावरून घरी आले तर आबा दारातच उभे. चेहरा असा, जणू काही फोडलंय त्यांनी.

"साकीनाक्याक एक कारखानो आसा," ते म्हणाले. "लूमचे पार्ट बनवतत. शेट म्हणता, जुनो माणूस होयो. उद्यापासून येवा म्हणता. सात वाजता पाळी."

"आबा! मग?"

"मगे तुझ्या धावण्याचा काय?"

ज्या माणसाला कुणीतरी पुन्हा काम दिलं होतं, तो त्यासाठी माझी परवानगी मागत होता. आतून आई म्हणाल्या, "तिला पाय आहेत. तुम्ही जा कामाला." आणि त्यांनी त्या रात्री शिरा केला.

साध्या दिवशी मी एकटी धावायला लागले. कुत्र्यांना माझी ओळख झाली होती. आई गॅलरीत येऊन मी वळणाआड होईपर्यंत उभ्या राहायच्या, "मी वाळत घालायला आलेय" असं म्हणत. रिकामी बादली घेऊन. पण रविवारचा प्रश्न आपोआप सुटला. त्या भागातल्या कारखान्यांची सुट्टी आठवड्यात मधेच कधीतरी असायची, रविवारी आबांची पाळी असे. मग मी त्यांना कामावर पोचवायला लागले. मुलुंडहून भांडुप, कांजूर, पवईच्या तलावाकाठाने साकीनाका. ते सायकलवर, मी शेजारून. आता ते मागे नसायचे. तलावावर धुकं असायचं, चढ आला की ते उतरून सायकल ढकलत चालायचे आणि मी त्यांच्या पुढे जायची. तेवढीच माझी जीत. वाटेत ते गिरणीतल्या गोष्टी सांगायचे. घरात मी त्यांना कधी सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. साकीनाक्याला त्यांच्या कारखान्यासमोर कटिंग चहा व्हायचा आणि मी बसने परत यायची. पवईचे ते रविवार म्हणजे माझ्या त्या वर्षातली सगळ्यात झकास गोष्ट होती.

शर्यतही रविवारीच होती. आबा म्हणाले, "नवी नोकरी. रजा मागूक बरा दिसत नाय." मी म्हटलं, "नकाच मागू." पण निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला.

थंडी चांगली होती. मुलुंडच्या मैदानावर पुरुषांची ही गर्दी आणि आम्ही बायका मूठभर. माझा पायजमा बघून एक कॉलेजची पोरगी म्हणाली, "ताई, कुठून घेतला?" नवरा माझा स्वेटर हातात घेऊन उभा होता. शिट्टी वाजली आणि आम्ही हायवेला लागलो.

जाताना मजा होती. डाव्या हाताला मिठागरं, त्यांत मिठाचे पांढरे ढीग, लांबवर बगळे. घाटकोपरला एक स्कूटर माझ्या पुढे जाऊन थांबली. चालवणारा तो हसणारा मुलगा आणि मागे माझी मैत्रीण, साडी, गजरा, मांडीवर संत्र्यांची पिशवी.

"तुला घरून सोडलं?" मी धावता धावता ओरडले.

"तुझं नाव सांगितलं!" ती ओरडली. "म्हटलं, मैत्रिणीला पाणी द्यायला जायचंय! लग्नाआधी फिरायला मिळालंय, सावकाश धाव गं, घाई करू नकोस!"

मानखुर्दच्या पुढे दोरी बांधून वळण केलं होतं. तिथे एक स्वयंसेवक दंडावर शाईचा शिक्का मारत होता. तो घेऊन मी परत फिरले आणि तिथून ऊन सुरू झालं. परतीच्या वाटेवर घाटकोपर मागे पडलं, विक्रोळी आली, आणि माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला बसले ती बसलेच. स्कूटर आली. मैत्रिणीने चपला काढून फेकल्या, हायवेच्या कडेला मातीत मांडी घातली आणि माझा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. तिच्या साडीला सगळी माती.

"बस झालं," मी म्हटलं. "मला स्कूटरवर घ्या."

"तिघं कशी मावणार?" ती म्हणाली. "उठ."

तेवढ्यात मागून भोंगा वाजायला लागला. एकसारखा, लग्नाच्या वरातीसारखा. एक टेंपो येऊन थांबला. मागच्या बाजूला लोखंडी पार्ट्सच्या खोक्यांमध्ये पाचसहा कामगार उभे आणि त्यांच्या मधोमध, केबिनच्या टपाला धरून, आबा. पुढे ड्रायव्हरशेजारी त्यांचे शेट, पांढऱ्या कपड्यांत.

"तुमारा ससरा सुबेसे दो पार्ट उलटा लगाया," शेट खिडकीतून म्हणाले. "मैं बोला, चलो, पहले बहू को देख के आते हैं. माल भी मुलुंड ही देने का है."

आबा टेंपोतून उतरले. माझ्या पायाकडे पाहिलं, मैत्रिणीच्या साडीकडे पाहिलं.

"काय जाला?"

"गोळा आलाय, आबा. जमत नाही."

"आता खंय इलंस माहीत आसा?" त्यांनी हात पुढे करून दाखवलं. "थंय कांजूर. मगे भांडुप. भांडुपाक तू रोज जातंस. कामार जातंस तशी चल."

मी उठले. आधी लंगडत चालले, मग चालत, मग धावले. टेंपो पुढे जाऊन थांबायचा, कामगार टाळ्या वाजवायचे, पुन्हा पुढे जायचा. शेटनी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर ताल धरला होता. भांडुपला वाहतूक हवालदाराने टेंपोला हटकलं, "शर्यतीच्या बाजूला गाडी का घातली?" तर आबा वरून म्हणाले, "माझी सून आसा ती!" हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानेही टाळी वाजवली.

मैदानात शिरले तेव्हा मांडवाच्या कनाती सोडायला सुरुवात झाली होती. हार संपले होते. एका वयस्कर पंचांनी टेबलावरच्या फुलदाणीतला झेंडू काढून माझ्या हातात दिला आणि मला हसायला आलं ते थांबेचना. नवऱ्याने स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला. मी शेवटची नव्हते. माझ्या मागून एक टक्कल पडलेले गृहस्थ येत होते. आम्ही सगळे, टेंपोतले धरून, ते येईपर्यंत थांबलो आणि त्यांच्यासाठी एवढा गलका केला की ते बिचारे मागे वळून बघायला लागले, आणखी कोण येतंय म्हणून.

आई घरीच होत्या. त्यांना गर्दी आवडायची नाही. मी जिना चढले तेव्हा शेजारणी दारादारांत होत्या, आणि आईंनी तुकडा ओवाळून टाकला. गरम पाण्याची बादली तयार होती. मी न्हाऊन बाहेर आले, दोन घास वरणभात खाल्ला आणि ताटावरच झोपले असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. पाय लाकडाचे झाले होते. सपाटीवर चालता यायचं, पण जिना उतरायला गेले की गुडघेच वाकत नव्हते. शेवटी मी कठडा धरून उलटी फिरले आणि एकेक पायरी मागे मागे उतरायला लागले. आई माझी पिशवी घेऊन मागून येत होत्या. आधी त्यांनी हसू दाबलं. दुसऱ्या वळणावर त्यांना ते झेपेना. त्या पायरीवर बसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि हसत राहिल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या.

"काय हो, काय झालं?"

"काही नाही," आई डोळे पुसत म्हणाल्या. "आमची सून काल मानखुर्दला पायी जाऊन आली. आज जिन्याने दमलीय."

मग त्या उठल्या, माझा हात धरला, आणि आम्ही दोघी उरलेला जिना उतरलो. त्या सरळ, मी उलटी.